छायाचित्रकारांचें ऋण

मराठी ग्रंथाच्या आरंभीं ऋणनिर्देशाचें जें एक पान असतें, तें वाचकानें वाचावें अशी खुद्द लेखकाचीही फारशी अपेक्षा नसते. मुद्रकापासून मुद्रितें तपासणाऱ्या भाच्यापर्यंत सर्वांचीं नांवें त्यांत येतात, आणि ज्याच्यावांचून तें पुस्तक झालेंच नसतें त्याचें नांव पुष्कळदां तेवढें राहून जातें. चरित्रकारांची गोष्ट याहून निराळी नाहीं. चरित्रनायक जितका एकाकी, जितका उपेक्षित, तितका तो थोर, असा एक समज आपल्या चरित्रवाङ्मयांत रूढ झाला आहे. त्यामुळें नायकास कोणी वेळेवर हात दिला असेल, तर ती हकीकत चरित्रकाराला अडचणीचीच वाटते. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांच्याविषयीं जें लिहिलें जातें तें वाचतांना याचा प्रत्यय वारंवार येतो. घरांतील चीजवस्तू मोडणारा, डोळे गमावण्याच्या बेतास आलेला, आप्तांनीं वेडा ठरविलेला एक कलावंत एकट्याच्या बळावर हिंदी चित्रपट निर्माण करतो, असें तें चित्र आहे. तें खोटें नाहीं. पण अपुरें आहे, आणि ज्यांना वगळून तें उठावदार केलें जातें तीं माणसें बहुतेक छायाचित्रणाच्या व्यवसायांतलीं किंवा त्याच्या आसपासचीं आहेत. त्यांपैकीं आज कोणीही हयात नाहीं. त्यांची बाजू मांडण्याचें काम अर्थातच टीकाकाराकडे येतें.

या विषयास सर्वांत जवळचें साधन म्हणजे फाळके यांनीं ‘नवयुग’ मासिकांत ‘भारतीय चित्रपट’ या मथळ्याखालीं लिहिलेले लेख. नोव्हेंबर १९१७ ते सप्टेंबर १९१८ या अवधींत ते तुटक तुटक प्रसिद्ध झाले. धंदा सुरू होऊन चार-पांच वर्षें लोटलीं होतीं, भांडवलाची चणचण होती, आणि आपण काय केलें हें लोकांपुढें मांडण्याची निकड फाळक्यांस भासत होती. या लेखांतील एक प्रसंग सर्वतोमुखीं झाला आहे. मुंबईच्या एका चित्रगृहांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहत असतां त्यांच्या अंतश्चक्षूंपुढें राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या हीं उभीं राहिलीं, आणि हिंदी मूर्ति हिंदी माणसाला पडद्यावर कधीं पाहावयास मिळतील काय, या विचारानें त्यांना पछाडलें. प्रसंग सुंदर आहे आणि लिहिलाही तळमळीनें आहे. त्यांतील ‘मी’ मात्र फार बलवान् आहे. साक्षात्कार हा एकट्यालाच व्हावयाचा, त्यामुळें तेथें दुसऱ्यास जागा नाहीं. आणि पुढच्या लेखकांनीं नेमका हाच प्रसंग उचलून सगळें चरित्र त्याच सुरांत गायिलें आहे. आमच्या मतें फाळक्यांच्या जीविताची गुरुकिल्ली साक्षात्कारापेक्षां त्याच्या अगोदरच्या वीस वर्षांत अधिक सांपडते. चित्रपट पाहून भारावलेले लोक त्या दिवशीं चित्रगृहांत पुष्कळ असतील. पण अंधाऱ्या खोलींत हात मुरलेला असा त्यांत एखादाच. तो हात कोणी मुरवला, हा खरा प्रश्न.

बडोद्यापासून आरंभ करूं. १८९० च्या सुमारास फाळके तेथील कलाभवनांत शिकत होते. संस्थेचे प्रमुख प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. (मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास फांसलेलें डांबर पुढें ज्यांनीं आपल्या विद्येच्या जोरावर काढून दाखविलें, ते हेच गज्जर.) चित्रकलेच्या या विद्यार्थ्याचा ओढा कोणीकडे आहे हें त्यांनीं हेरलें, संस्थेचें छायाचित्रणाचें दालन त्यास मोकळें करून दिलें, आणि ठसे तयार करणें, छायाचित्रावरून शिलामुद्रण करणें या गोष्टी शिकून येण्यासाठीं त्यास रतलामला पाठविलें. एखाद्या शिक्षकानें विद्यार्थ्यास उत्तेजन दिलें यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. नवल यांत आहे कीं, त्या काळीं छायाचित्रणाचें दालन म्हणजे संस्थेच्या तिजोरीला पडलेलें भोंकच होतें. कांच वायां गेली कीं पैसा गेला, रसायन सांडलें कीं पैसा गेला. आणि नवशिक्याच्या हातून दोन्ही गोष्टी घडल्यावांचून राहत नाहींत. त्याला चुका करूं देणें हीच तेथें देणगी असते. गज्जरांनीं ती दिली.

दुसरी देणगी याहून विलक्षण आहे. १८९२ सालीं अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनांत फाळक्यांनीं आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृति मांडली व तीबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळालें. पदकाची हकीकत प्रत्येक चरित्रांत आहे. परंतु त्याच प्रसंगीं त्यांच्या कामावर खूष होऊन एका चाहत्यानें त्यांस स्थिरचित्रणाचा एक मोलवान् कॅमेरा भेट दिला, ही हकीकत एका ओळींत उरकली जाते. हा दाता ‘एक चाहता’ एवढ्याच शब्दांत सांगितला जातो. ज्या माणसानें फाळक्यांच्या हातीं यंत्र दिलें त्याला नांव नाहीं, आणि ज्या मंडळानें सोन्याचा बिल्ला दिला त्याचें नांव, गांव, साल सर्व कांहीं आहे! पदकावर चरित्र उभें राहतें; कॅमेऱ्यावर पोट. पुढें गोध्र्यास फाळके छायाचित्रकार म्हणून राहिले, पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून त्यांनीं चाकरी केली, लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा कारखाना काढला. या सर्व उद्योगांच्या मुळाशीं पदक नसून तें यंत्र आणि तें शिक्षण आहे.

छायाचित्रणाच्या व्यवसायांत अशी उदारता त्या वेळीं दिसते, ती माणसें विशेष साधु होतीं म्हणून दिसते असें आम्हांस वाटत नाहीं. कारण धंद्याच्या स्वरूपांतच होतें. ही विद्या पुस्तकांत होती. परंतु पुस्तकांतली विद्या बोटांत उतरण्यास दुसऱ्याची अंधारी खोली लागे. कांच किती वेळ द्रवांत ठेवावी, उष्ण हवेंत द्रव किती पातळ करावा, पावसाळ्यांत कागद कसा सांभाळावा, हें विलायती पुस्तकांत मिळण्यासारखें नव्हतें. तें शेजारच्या छायाचित्रकारास ठाऊक असे. शिवाय लोकांचा या यंत्रावर विश्वास नव्हता. फोटो काढला कीं माणसाचें आयुष्य घटतें, या भ्रमापायीं बडोद्यास फाळक्यांचा धंदा बसला. ज्या व्यवसायाकडे गिऱ्हाईक संशयानें पाहतें, त्यांतले लोक एकमेकांना धरून राहतात. अर्थात् याच धंद्यांत कृति चोरून ठेवणारे, शिष्यास शेवटची मेख न सांगणारे लोकही होतेच. आपल्याकडे कोणत्या विद्येंत ते नाहींत? म्हणूनच ज्यांनीं सांगितलें त्यांचें मोल अधिक.

हिंदी चलच्चित्राचा जन्मच मुळीं छायाचित्रकारांच्या घरीं झाला आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं विलायतेहून यंत्र मागविलें आणि १८९९ सालीं कुस्तीचें चित्र घेतलें. सावे दादा व्यवसायानें छायाचित्रकारच. त्यांच्यानंतर दहा-बारा वर्षांनीं फाळके त्या वाटेवर आले, तेव्हां वाट अगदींच अनोळखी नव्हती.

आतां आपण १९१२ सालापाशीं येतों. या वर्षींच्या हकीकतींत यशवंतराव नाडकर्णी हें नांव पुनःपुन्हां येतें. नाडकर्णी हे छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी. विलायतेस जाण्यासाठीं फाळक्यांना पैसा हवा होता. नाडकर्णी आणि आबासाहेब चिटणीस यांच्या साह्यानें बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे राहिले. त्याच वर्षीं फाळक्यांनीं कुंडींत वाटाणे पेरले, कॅमेरा त्यांच्यापुढें ठेवला, आणि महिनाभर थोडथोडें चित्रण करून अंकुराचा वेल होईपर्यंतची सारी वाढ मिनिटभराच्या चित्रपटांत दाखविली. ‘अंकुराची वाढ’ हें तें चित्र. कांहीं निवडक मंडळींपुढें त्याचा खेळ झाला आणि नाडकर्णी, नारायणराव देवहरे यांच्यासारखे गृहस्थ कर्ज देण्यास पुढें आले.

येथें एक आक्षेप संभवतो. कर्ज तें कर्ज. तारण घेऊन दिलेल्या पैशास औदार्य कां म्हणावें? आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण सावकार आणि साहित्याचा व्यापारी यांत एक अंतर आहे. सावकार तारण पाहतो. कांचा, कागद आणि रसायनें विकणारा व्यापारी गिऱ्हाइकाचा हात पाहतो. कोण किती माल नेतो, कोणाचा किती वायां जातो, कोण नवी वस्तू आल्याबरोबर विचारपूस करतो आणि कोण वर्षानुवर्षें एकच जिन्नस मागतो, याचा हिशेब त्याच्या वहींत नसला तरी डोक्यांत असतो. अशा माणसानें जेव्हां एका मिनिटाच्या वाटाण्याच्या वेलीवर पैसा लावला, तेव्हां त्यानें तारणावर नव्हे तर कसबावर लावला असें आम्ही समजतों. ज्याचें सर्वस्व बुडण्याचा संभव आप्तेष्टांना स्वच्छ दिसत होता, त्याला धंद्यांतल्या जाणत्यानें ‘पुढें जा’ म्हणणें, ही पैशाहून मोठी मदत होय. फाळक्यांच्या चरित्रांत नाडकर्णी यांचें नांव नेहमीं ‘भांडवल’ या प्रकरणांत येतें. तें ‘शिक्षण’ या प्रकरणांतही यावयास हवें होतें.

१ फेब्रुवारी १९१२ रोजीं फाळके विलायतेच्या बोटींत बसले. लंडनमध्यें त्यांची ओळखदेख कोणाशीं नव्हती. पिकॅडिली सर्कसच्या परिसरांत ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली. हें साप्ताहिक ते हिंदुस्थानांत नियमानें घेत असत. तेवढ्या आधारावर ते आंत शिरले आणि संपादक केबर्न यांस भेटले. केबर्न यांनीं प्रथम त्यांस परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला: विलायतेंत कित्येकांचे हात या धंद्यांत पोळले आहेत, हिंदुस्थानचें हवामान तर त्यास मुळींच मानवणार नाहीं. हा सल्ला प्रामाणिक होता. परंतु समोरचा मनुष्य हटत नाहीं असें पाहून त्याच केबर्न यांनीं त्यास वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेऊन पोंचविलें. ज्याचें मत आपल्या विरुद्ध आहे त्यानेंच आपल्यासाठीं दार ठोठवावें, असे प्रसंग आयुष्यांत थोडे.

हेपवर्थ यांचें नांव आमच्या वाचकांत परिचित असण्याचें कारण नाहीं. जादूचे कंदील दाखवून व्याख्यानें देणाऱ्या पित्याच्या घरांत ते वाढले, चलच्चित्रणावर १८९७ सालींच त्यांनीं पुस्तक लिहिलें, आणि १९०५ चें त्यांचें एका इमानी कुत्र्याचें चित्र तर जगभर गाजलें. १९१२ सालीं ते इंग्लंडांतील अग्रगण्य निर्माते होते. परक्या देशांतून आलेला, उद्यां कदाचित् प्रतिस्पर्धी होऊं शकणारा हा मनुष्य दारीं येतांच त्यांनीं त्यास आपल्या कारखान्याचा प्रत्येक विभाग दाखविला, चित्रण प्रत्यक्ष करून दाखविलें, यंत्र कोणतें घ्यावें हें सांगितलें. त्या सल्ल्यानें फाळक्यांनीं विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र व कोडॅकची कोरी फिल्म यांची मागणी नोंदविली, आणि १ एप्रिल रोजीं ते परत मुंबईस आले. लंडनांत त्यांचा मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा. त्या दोन आठवड्यांत जें मिळालें तें मिळविण्यास एरवीं दोन वर्षें पुरलीं नसतीं. हेपवर्थ यांस यांत लाभ कोणता? आम्हांस तरी दिसत नाहीं. १९१४ सालीं फाळके आपलीं चित्रें घेऊन पुन्हां विलायतेस गेले, तेव्हां हेपवर्थ यांनीं त्यांस तेथेंच राहून चित्रें काढण्याविषयीं सुचविलें; फाळक्यांनीं तें नाकारलें, कारण त्यांना धंदा इथें रुजवावयाचा होता. नकार योग्यच होता. पण तो देतांना मन थोडें जड झालें असल्यास नवल नाहीं.

या हेपवर्थ यांचा पुढचा इतिहास दुःखाचा आहे. १९२४ सालीं त्यांचें दिवाळें वाजलें, आणि देणेकऱ्यांचीं देणीं भागविण्यासाठीं त्यांच्या चित्रांच्या मूळ फिल्मा वितळविण्यांत आल्या. १९५३ सालीं ते वारले. ज्यानें दुसऱ्याची विद्या उभी केली त्याच्या स्वतःच्या कामाचा मोठा भाग असा भट्टींत गेला. हिंदी चित्रपटाच्या शंभर वर्षांच्या उत्सवांत त्यांच्या नांवाचा उच्चार किती ठिकाणीं झाला हें वाचकांनीं आपल्या मनाशीं आठवून पाहावें.

फाळके यांनीं हें ऋण फेडलें काय? आमचें उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचा पुरावा त्यांच्या लेखांपेक्षां त्यांच्या कृतींत अधिक आहे. विलायतेहून आल्यावर कॅमेरा चालविण्यासाठीं त्यांनीं परका मनुष्य आणला नाहीं. त्र्यंबकेश्वरचे आपले स्नेही त्र्यंबक तेलंग यांना त्यांनीं ती विद्या शिकविली, आणि ‘राजा हरिश्चंद्रा’चें चित्रण तेलंगांनीं केलें. या गोष्टीचें महत्त्व कळण्यास एक तुलना पुरे. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजीं, म्हणजे ‘हरिश्चंद्रा’च्या जवळजवळ वर्षभर आधीं, मुंबईंत दाखविला गेला, पण त्याचें यंत्र जॉन्सन नांवाच्या इंग्रजाच्या हातीं होतें. पहिला कोण, हा वाद ज्यांना प्रिय आहे त्यांनीं तो खुशाल घालावा. विद्या येथल्या हातांत उतरली ती तेलंगांच्या रूपानें, एवढें मात्र निर्विवाद आहे. घरांत तर सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोंकें पाडीत, ती धुवीत. रसोड्यांतून उठून अंधाऱ्या खोलींत जाणारी ही बाई या देशांतील पहिल्या चित्रपट-कारागिरांपैकीं होय. गज्जरांनीं जें दिलें, हेपवर्थनीं जें दिलें, तें फाळक्यांनीं अडवून ठेवलें नाहीं.

तेलंगांच्या कामाविषयीं मात्र न्याय करणें आज अवघड झालें आहे. २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया थिएटरांत निमंत्रितांपुढें आणि ३ मे रोजीं कॉरोनेशनमध्यें लोकांपुढें जें चित्र आलें तें ३७०० फूट लांबीचें होतें. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत त्याचा आरंभाचा व शेवटचा एवढाच भाग उरला आहे. आणि जें उरलें आहे तें १९१३ चें नसून फाळक्यांनीं १९१७ च्या सुमारास पुन्हां काढलेलें चित्र असावें, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. तें मत खरें ठरल्यास तेलंगांचा हात म्हणून आपण जो पाहतों तोही कदाचित् दुसऱ्याचा असेल! उरलेल्या भागांत राजा मुलास धनुर्विद्या शिकवीत आहे, तें दृश्य आम्हांस फार आवडतें. यंत्र एके जागीं स्थिर आहे, माणसें समोर येतात आणि जातात, रंगभूमीची संवय सुटलेली नाहीं. पण उजेड कोठून घ्यावा आणि माणूस किती अंतरावर उभा करावा हें ज्याला पक्कें ठाऊक आहे अशा छायाचित्रकाराची दृष्टि त्यांत आहे. हें कसब चित्रगृहांत बसून येत नाहीं. तें गोध्र्याच्या आणि बडोद्याच्या दुकानांतून आलेलें आहे.

ही विद्या मग कोणत्या वाटांनीं पसरली हें सांगूं गेल्यास स्वतंत्र लेख होईल. कोल्हापुरास आनंदराव व बाबुराव पेंटर या बंधूंनीं स्वतःच कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला; १९१६ सालीं आनंदराव वारले, आणि त्यांचें अर्धें राहिलेलें यंत्र बाबुरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तडीस नेलें. मृत भावाचें ऋण फेडण्याचा याहून चोख मार्ग आम्हांस सुचत नाहीं. हेच दामले पुढें फत्तेलालांसह ‘प्रभात’चे दिग्दर्शक झाले, आणि १९४० सालीं त्यांनीं ‘संत ज्ञानेश्वर’ काढला.

या चित्राचें नांव घेतलें कीं, आतां ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या आमच्या नगर जिल्ह्यांतल्या माणसास स्वस्थ बसवत नाहीं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती या जिल्ह्यांतल्या नेवाश्यास. ज्या खांबाला टेकून ती सांगितली अशी श्रद्धा आहे तो पैस तेथें आजही आहे. आणि चित्रपटांत ज्ञानेश्वर झाले ते शाहू मोडकही नगरचेच. २५ एप्रिल १९१८ रोजीं, म्हणजे ‘नवयुगां’तली लेखमाला चालू असतांनाच, नगरांत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. फाळक्यांनीं त्याच वर्षीं ‘श्रीकृष्णजन्म’ काढला आणि पुढल्या वर्षींच्या ‘कालियामर्दना’त आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलें. बोलपटाचा काळ आला तेव्हां, १९३२ च्या ‘श्यामसुंदर’ चित्रांत, चौदा वर्षांचा हा नगरचा मुलगा कृष्ण झाला. ख्रिस्तचरित्र पाहून एका हिंदूला कृष्ण दिसावा, आणि त्यानें रुजविलेल्या विद्येच्या पडद्यावर एका ख्रिस्ती घरांतल्या मुलानें कृष्ण व्हावें, ज्ञानेश्वर व्हावें, हा योग कोणी जुळवून आणलेला नाहीं. नगरच्या लोकांनीं मोडकांचें कौतुक भरपूर केलें, आणि तें यथार्थच आहे. परंतु त्या सौम्य मुखावर जो उजेड पडला आहे तो पाडणाऱ्याचें नांव विचारण्याची संवय आम्हां प्रेक्षकांस अजून लागावयाची आहे.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकास वारले. त्यांचे ‘नवयुगां’तील लेख यापुढें जो कोणी छापील, त्यास आमची एक सूचना आहे. राम, कृष्ण, अयोध्या यांवर टीपा देण्याचें कारण नाहीं. त्या वाचकांस ठाऊक आहेत. गज्जर, नाडकर्णी, चिटणीस, देवहरे, केबर्न, हेपवर्थ आणि तेलंग यांवर प्रत्येकीं अर्धें पान तरी द्यावें. आणि अहमदाबादच्या प्रदर्शनांत कॅमेरा देणाऱ्या गृहस्थासाठीं तेवढीच जागा कोरी सोडावी, म्हणजे पुढेंमागें एखाद्या जुन्या दप्तरांत त्याचें नांव सांपडलेंच, तर तें लिहावयास ठिकाण असेल.